बॅरोमीटर खाली ठेवायचा नाही

हवामान खात्यात नोकरी करणाऱ्या माणसाची समाजात काय किंमत असते, ते मला रोज सकाळी जिन्यात कळतं. मी छत्री घेऊन निघालो की वरच्या मजल्यावरच्या वहिनी धुतलेले कपडे गच्चीवर वाळत घालतात. छत्री न घेता निघालो की घाईघाईने आत आणतात. त्यांचा माझ्यावर राग नाही. उलट "भावजी, तुमच्यामुळे फार सोय होते हो," असं त्या मनापासून म्हणतात. मी अंदाज वर्तवत नाही, मी फक्त खात्यातली यंत्रं पुसतो आणि त्यांच्या स्क्रूंना तेल घालतो, हे त्यांना अनेकदा सांगून झालं. पण लोकांच्या लेखी आम्ही सगळे एकाच माळेचे मणी.

तर अशा मला एक दिवस साहेबांनी बोलावलं आणि डोंगरावरच्या वेधशाळेत एक बॅरोमीटर पोचवायला सांगितलं. काम एवढंच. बसने जायचं, द्यायचा आणि परत यायचं.

"तिथल्या साहेबांनी ठेवून घेतला, तर निरीक्षकाच्या जागेसाठी तुमचं नाव मी पुढे करतो," साहेब म्हणाले. "पण सांगून ठेवतो, आधीचे दोन त्यांनी परत पाठवलेत. एकाच्या नळीत हवा शिरली होती. दुसऱ्याला नळीच उरली नव्हती."

निरीक्षक म्हणजे यंत्र पुसणारा नव्हे, यंत्र वाचणारा. इतकी वर्षं मी ज्या यंत्रांना आंघोळ घालत आलो, त्यांच्याशी बोलायची परवानगी मिळणार होती. मी लगेच हो म्हटलं.

इथे बॅरोमीटरबद्दल दोन शब्द बोलणं भाग आहे, कंटाळा आला तरी वाचा. पाऱ्याचा बॅरोमीटर म्हणजे माणसाच्या कमरेएवढी काचेची नळी, तिला पितळी आवरण आणि टोकाला पाऱ्याची वाटी. भिंतीवर टांगला की हवेचा दाब सांगतो, वादळ येणार असेल तर आधी त्याला कळतं. पण नेताना त्याचा स्क्रू आवळून तो उलटा करायचा, वाटी वर आणि नळी खाली. सरळ झाला की पारा हिंदकळतो, नळीत हवा शिरते, आणि धक्का बसला तर काच फुटते. म्हणून खात्याचा दंडक असा, की प्रवासभर तो कर्मचाऱ्याने हातात उलटा धरायचा, खाली ठेवायचा नाही आणि दुसऱ्याकडे द्यायचा नाही. आणि उलटा असताना तो काहीही सांगत नाही, हेही लक्षात असू द्या. पुढे माझ्या अब्रूचा प्रश्न येणार आहे.

आदल्या संध्याकाळी ही बातमी आईने शेजारी सांगितली आणि सल्ल्यांना ऊत आला. समोरच्या दारातले निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "पार्सल करा. पार्सलला अजून काही झालेलं मी पाहिलेलं नाही." आईच्या मते तो गादीत गुंडाळायला हवा होता. वहिनी म्हणाल्या, "अहो भावजी, तान्हं मूल धरतात तसा धरायचा. पण तुम्हाला कुठून माहीत असणार?" माझ्या लग्नाचा विषय आमच्या जिन्यात असा कुठूनही निघतो. मग त्यांनी एक लोड माझ्या हातात दिला आणि मला व्हरांड्यात येरझाऱ्या घालायला लावल्या. लोडाला उलटं-सुलटं काही नसतं, त्यामुळे तो सराव वाया गेला, पण मजला सगळा जमला होता.

दुसऱ्या दिवशी आकाश लख्ख निळं होतं. आमच्या खात्याने तसंच सांगितलं होतं आणि तसंच निघालं, म्हणजे खरं तर मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. बसच्या कंडक्टरने तो लांबलचक कातडी खोका पाहून सांगितलं, "हे सामान टपावर टाका." मी नाही म्हटलं. मग मांडीवर घ्या म्हणाला. मांडीवर आडवा होतो म्हणून मी तेही नाही म्हटलं. "मग काय उभं राहून नेणार?" त्याने विचारलं. मी उभं राहूनच नेला, रिकाम्या सीटच्या शेजारी, एक हात वरच्या दांडीला आणि दुसऱ्या हाताने बॅरोमीटर छातीशी.

अर्धा डोंगर चढलो आणि वारा सुटला. आधी झाडं हलली, मग बस हलली. ढग इतके खाली आले की ड्रायव्हरला स्वतःचे वायपर दिसेनात. पुढच्या वळणावर एक झाड रस्त्यात आडवं पडलेलं होतं. ड्रायव्हर म्हणाला की तो बस मागे घेणार आणि खाली परत नेणार. वळणावळणाच्या रस्त्यावर बस मागे घेतली तर माझ्या नळीचं काय होईल? मी घसा खाकरून म्हटलं, "मी हवामान खात्यात असतो. हे अर्ध्या तासात निवळेल. थांबू या."

बसमध्ये जे हसणं झालं ते मी इथे लिहीत नाही. कंडक्टरने फक्त दार उघडून धरलं. माणसाला स्वाभिमान नावाची वस्तू असते आणि ती नेमकी नको तेव्हा जागी होते. मी उतरलो. बस मागे मागे जात ढगात नाहीशी झाली. वादळाची सूचना देणारं यंत्र मिठीत घेऊन, ते उलटं धरून, मी वादळात उभा होतो.

रस्त्याच्या कडेला एक पिकअप उभी होती, तिच्यात जुनी दारं, खिडक्या आणि चौकटी रचलेल्या. ड्रायव्हरच्या बाजूने एक बाई उतरली. पायांत पुरुषी बूट, डोक्याला रुमाल, आणि आवाज असा की वाऱ्याने गप्प बसावं.

"तुम्हीच म्हणालात ना, अर्ध्या तासात निवळेल? बसची खिडकी उघडी होती, मी ऐकलं."

"हो, म्हणजे साधारणपणे, पश्चिमेकडून जर..."

"साधारणपणे नाही. अर्धा तास म्हणालात. त्या बसमागोमाग मीही खाली जाणार होते. म्हटलं, खात्याचा माणूस सांगतोय तर थांबू या."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. माझ्या शब्दावर विसंबून कोणीतरी काहीतरी केलं, असा प्रसंग माझ्या आयुष्यात हा पहिला. तेवढ्यात मागच्या बाजूला काडकन आवाज झाला आणि आमच्या खाली जाणाऱ्या रस्त्यावर दुसरं झाड पडलं. वरचा रस्ता बंद, खालचा रस्ता बंद. तिने झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ती मोठ्याने हसायला लागली. मला वाटलं होतं मारेल.

जवळच रस्तेवाल्यांची एक चौकी होती. आत रोड रोलर चालवणारे काका शेगडीपाशी बसले होते. त्यांना सर्दी झाली होती आणि ते दर वाक्याला शिंकत होते. "ही चौकी फक्त सरकारी माणसांसाठी आहे," ते दारातूनच म्हणाले.

"मी सरकारीच आहे."

"कुठलं खातं?"

मी सांगितलं. काकांनी आकाशाकडे बोट केलं. "हे तुमच्याच खात्यातून आलं ना? मग बाहेर थांबा."

शेवटी त्या बाईनेच काकांना बाजूला सारलं, शेगडीवर पाणी चढवलं आणि आम्हा दोघांना चहा दिला. माझा कप तिला माझ्या तोंडाशी धरावा लागला, कारण माझे दोन्ही हात गुंतलेले होते. अनोळखी बाईच्या हातून चहा पिताना माणसाने कुठे बघावं याचा काही दंडक खात्यात नाही. मी काकांकडे बघत होतो.

"त्यात आहे काय?" तिने विचारलं. मी सांगितलं. सगळं सांगितलं, वाटीपासून हवेच्या बुडबुड्यापर्यंत. लोक सहसा दुसऱ्या वाक्याला घड्याळ बघतात. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे फुटू नये म्हणून तुम्ही जन्म घालवता. मी फोडण्यात घालवते."

जुनी घरं पाडायची आणि त्यांतली दारं-खिडक्या विकायची, असा तिचा धंदा होता. वडिलांचा होता, तिने वाढवला. पहिला घण घालताना तिला फार बरं वाटतं म्हणे. मी नकळत बॅरोमीटर थोडा लांब धरला. तिने ते पाहिलं.

"घाबरू नका. स्वयंपाकघर मी नेहमी शेवटी पाडते," ती म्हणाली. "सगळं घर गेलं तरी तिथे स्वयंपाकाचा वास राहिलेला असतो. हात उचलत नाही लवकर."

आमचं एकाही गोष्टीवर पटत नव्हतं. माझ्या पिशवीत दोन दिवस पुरतील एवढे बिस्किटांचे पुडे, जादा मोजे, जादा दोरी आणि जादा दोरीसाठी जादा दोरी. तिच्याकडे एक सफरचंद आणि चाकू. तिच्या पिकअपला जादा चाक नव्हतं. का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाली, "अजून पंक्चर कुठे झालीय?" मी यावर बराच वेळ बोललो. ती माझी बिस्किटं खात ऐकत होती, आणि मधूनमधून एक बिस्किट मला भरवत होती. हे सगळं काका शिंकत बघत होते.

दुपार कलली आणि वाऱ्याने चौकीचा पत्रा उचलला. एक उचलला, मग दुसरा, मग आमच्या डोक्यावर नुसतं आकाश राहिलं, तेही दिसत नव्हतं. काका बाहेर उभ्या असलेल्या आपल्या रोलरखाली जाऊन बसले. एवढं जड यंत्र वाऱ्याने जाणार नाही, हा त्यांचा हिशोब बरोबर होता, पण खाली जागा एकाचीच होती.

"दारं काढू या," ती म्हणाली. तिने एकटीने पिकअपमधून दारं ओढून आणली आणि चौकीच्या उरलेल्या भिंतीला लावून उभी केली. दारांचीच भिंत, दारांचंच छत. एका दारावर कोणा डॉक्टरची पाटी होती, एकाला बाहेर बघायचं भोक होतं, एकावर पत्र टाकायची फट. आम्ही आत शिरलो. मी खालीवर बघून "ही बाजू पक्की वाटत नाही," असं म्हणेपर्यंत सगळी खोली आमच्या अंगावर आली. मी बॅरोमीटरवर वाकलो आणि डॉक्टर माझ्या पाठीवर आले.

"लागलं?" तिने विचारलं.

"नळी ठीक आहे."

"नळीचं नाही विचारलं मी."

पाठ चांगलीच शेकली होती, पण कोणी विचारल्यावर ती जरा कमी दुखायला लागली. मी तिला सांगितलं, की वारा आता फिरणार, डोंगराच्या या अंगाला संध्याकाळी तो नेहमी फिरतो, तेव्हा दारं दरीकडून लावायला हवीत आणि वरून दोरीने आवळायला हवीत. अर्ध्या तासाचा माझा लौकिक समोर होता, तरी तिने दारं दरीकडून लावली.

"उभं करणं हा माझा धंदा नाही," ती म्हणाली, "आणि माझा हात वर पोचत नाही. तुम्ही उंच आहात. दोरी तुम्ही बांधा. तो माझ्याकडे द्या."

मी तो आणखी घट्ट धरला. नियम डोळ्यांपुढे होता. साहेब डोळ्यांपुढे होते. निरीक्षकाची खुर्ची डोळ्यांपुढे होती. आणि समोर दोन हात पुढे आले होते, घण उचलून घट्टे पडलेले. रोलरखालून काका "इकडे द्या" म्हणाले आणि लगोलग दोनदा शिंकले.

"वाटी वर हवी," मी म्हटलं. "तिरपा होऊ द्यायचा नाही. धक्का लागता कामा नये. बोलताना हलायचं नाही."

"बोलणारच नाही," ती म्हणाली.

मी दिला. तिने तो घेतला, आणि घेतल्यापासून तिची मानसुद्धा हलली नाही. एवढी बडबडी बाई, पण श्वासही बेतानं घेत होती. मी दोऱ्या बांधल्या, जादा दोरी बांधली, आणि जादा दोरीसाठी आणलेली दोरीही बांधली. मग वारा फिरला. मी सांगितलेल्या दिशेला फिरला, हे मी इथे ठळकपणे नमूद करतो. दारं कुरकुरली, कड्या वाजल्या, पत्र टाकायच्या फटीतून वारा शीळ घालत आत आला, पण खोली उभी राहिली.

आत आलो तर अंगात त्राण नव्हतं. "पाच मिनिटं टेकतो, मग द्या माझ्याकडे," मी म्हटलं. ती होकारासाठीसुद्धा मान हलवेना. नुसते डोळे मिटून उघडले.

मला जाग आली तेव्हा उजाडलं होतं. वारा पडला होता. ती होती तिथेच, होती तशीच बसलेली, बॅरोमीटर छातीशी, वाटी वर. डोळे तांबारले होते. मी धडपडत उठलो आणि तो घेतला. तिचे हात तसेच राहिले, वाकलेले, ते तिला सरळच करता येईनात.

"उठवलं का नाही?"

"हलायचं नाही म्हणाला होतात."

"अहो, पण हाक तर मारायची."

"बोलायचं नाही असंही ठरलं होतं."

मला ती आवडली. उगाच आडवळणं कशाला घेऊ? जादा चाक न बाळगणारी, घरं पाडणारी, माझी सगळी बिस्किटं संपवणारी ही बाई मला इतकी आवडली, की निरीक्षकाची खुर्ची त्यापुढे एकदम लहान वाटली. पण सांगणार कसं? मी साधं "ऊन पडेल" असंसुद्धा "शक्यता आहे" लावल्याशिवाय म्हणत नाही. आणि रस्ता मोकळा झाला की ती डोंगरापलीकडे उतरणार होती.

रस्तेवाले आले, त्यांनी करवती चालवल्या. काकांनी रोलरखालून बाहेर येऊन आम्हाला निरोप दिला आणि जाता जाता विचारलं, "लग्नाला किती वर्षं झाली तुमच्या?" मी म्हटलं, "नाही, म्हणजे तसं..." ती म्हणाली, "त्यांना अजून वाक्य पुरं करायचंय, काका." आणि गाडी सुरू केली.

वेधशाळेपर्यंतचा रस्ता तिने इतका हळू चालवला, की मागून करवतवाले हॉर्न वाजवत होते. खड्डा दिसला की आधी थांबायची आणि माझ्याकडे बघायची. मी वाक्य जुळवत होतो. एक जुळलं की वळण यायचं. असं करता करता फाटक आलं.

डोंगरावरचे साहेब गळपट्टा गुंडाळून दारातच उभे होते. ते तिथे एकटेच असतात आणि एकटा माणूस नियम फार पाळतो. त्यांनी खोक्याचं सील पाहिलं, स्क्रू पाहिला, भिंग लावून नळी पाहिली. सगळं तो माझ्याच हातात असताना. घेतला मात्र नाही.

"उत्तम आला आहे," ते म्हणाले. "फक्त एक सांगा. वाटेत दुसऱ्या कोणाच्या हाती दिला होता?"

ती साहेबांच्या मागे उभी होती. तिने मला जोरजोरात मानेने नाही म्हणायला सांगितलं. नाही म्हणणं किती सोपं होतं. पण मग तिने एवढी रात्र अवघडून काढली, ती काढलीच नाही असं झालं असतं.

"दिला होता," मी म्हटलं. "यांच्याकडे. बराच वेळ."

"झालं," ती पुटपुटली.

साहेबांनी भिंग खिशात ठेवलं. "मग परत न्यावा लागेल. खाली तपासणी होईल. माझा नाइलाज आहे."

"अहो, बोटसुद्धा हलवलं नाही मी," ती पुढे आली. "हात बघा माझे, अजून धड होत नाहीत. यांना कशाला शिक्षा? ते तर छत अंगावर घेऊन त्याच्यावर वाकले होते."

साहेब तिच्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नियमात एक सवलत आहे. आपत्तीच्या वेळी कर्मचाऱ्याच्या घरच्या माणसाने धरला असेल, तर चालतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "या तुमच्या घरच्या का?"

मी तोंड उघडलं. सवयीने जिभेवर "तसं पाहिलं तर" आलं होतं. मी ते गिळलं.

"अजून नाहीत," मी म्हटलं. "पण व्हाव्यात असं मला वाटतं. त्यांना विचारलेलं नाही."

साहेबांनी गळपट्टा सारखा केला. "मग विचारा. मला कुठे जायचंय?"

सरकारी व्हरांड्यात, साहेबांसमक्ष, कमरेएवढी काचेची नळी उलटी छातीशी धरून मी तिच्याकडे वळलो. वाटेत जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना.

"माझ्याशी लग्न कराल का?" मी म्हटलं. "मी दार लागलंय का ते दोनदा उठून बघतो. बोलायला लागलो की लवकर थांबत नाही. पण हा तुमच्या हातात असताना मला झोप लागली. तशी झोप मला कधी लागत नाही."

माझ्याशी कोण लग्न करणार, भांडलं तर भिंत पाडेल असं लोकांना वाटतं, असं ती चौकीत हसत हसत म्हणाली होती. आता हसत नव्हती. डोळ्यांच्या कडा लाल होत्या, आणि तो जागरणाचा लाल नव्हता. मला वाटलं, संपलं. बॅरोमीटरही गेला आणि हीही जाणार.

मग ती साहेबांकडे वळली.

"घ्या तो त्यांच्या हातातून," ती म्हणाली. "घरच्याच माणसाकडे होता."

साहेबांनी दोन्ही हात पुढे केले आणि मी बॅरोमीटर दिला. माझे हात एकदम रिकामे झाले, आणि ते कुठे ठेवायचे तेच मला सुचेना. तिने आपला अवघडलेला हात हळूच लांबवला आणि त्यातला एक धरला. साहेब समजूतदार निघाले. बॅरोमीटर आत नेऊन टांगायला त्यांनी चांगला तासभर लावला.